स्वच्छ फोटो

आबिदा शिकलगारच्या उजव्या डोळ्यापुढे अंधार उतरला तो भर दुपारी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मावळ्यांचे अंगरखे शिवताना. आधी तिला वाटलं, मशीनवरचा दिवा गेला. तिनं खिडकीकडे पाहिलं, तर खिडकीवरून काळ्या दोऱ्यांचं जाळं हळूहळू खाली ओघळत होतं. तिनं डावा डोळा मिटून बघितला. खिडकी नव्हती, दुकान नव्हतं, काहीच नव्हतं.

"हर्षदा!" तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली. "हर्षदा, ये गं लवकर!"

हर्षदा चौगुले समोरच्या नेत्रकेंद्रात होती. आजऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या घोटणवाडीत डोळ्यांचा डॉक्टर नव्हता, पण साडेतीन वर्षांपूर्वी, २०३८च्या मार्चमध्ये, एक कॅमेरा आला होता आणि तो चालवायला हर्षदा होती. आसपासच्या चौदा वाड्यांतले मधुमेही दर सहा महिन्यांनी तिच्यापुढे येऊन बसत. ती त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढी, फोटो शहरात जाई, तिथून निकाल येई. आबिदाचे सात निकाल आले होते. सातही वेळा स्वच्छ.

तासाभरात हर्षदानं तिला गडहिंग्लजला डॉक्टर बारदेस्करांकडे नेलं. बारदेस्कर सत्तरीचे. कपाळावर दिवा बांधायचा, हातात भिंग धरायचं आणि पेशंटच्या डोळ्यात स्वतः वाकून बघायचं, ही जुनी पद्धत त्यांनी सोडली नव्हती. त्यांनी आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"रक्त आज उतरलंय," ते म्हणाले. "पण दुखणं आजचं नाही. दीड-दोन वर्षं तरी हे आत वाढतंय. डाव्या डोळ्यातसुद्धा ठिपकेच ठिपके आहेत. तुम्ही फोटो काढत नव्हता?"

"काढते की. शेवटचा जुलैमध्ये काढला. हा बघा." हर्षदानं टॅब्लेट पुढे केला.

डॉक्टरांनी चष्मा चढवून फोटो न्याहाळला. केशरी पार्श्वभूमीवर लाल रक्तवाहिन्यांच्या रेखीव फांद्या, कुठे डाग नाही, धूसरपणा नाही.

"फार सुंदर फोटो आहे," ते म्हणाले. "पण हा या बाईचा डोळा नाही."

"डॉक्टर, मी स्वतः काढलाय. नाव बघा, तारीख बघा."

"नावाशी मला काय करायचंय? मी आत्ता आत बघून आलोय."

आबिदा खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकत होती.

डावा डोळा लेसरनं वाचला. उजव्याचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी परत आली नाही. तिसऱ्या दिवशी हर्षदा भेटायला गेली आणि पट्टीच्या बाजूनं जवळ आली, तेव्हा आबिदानं आवाजावरूनच तिला ओळखलं.

"गेल्या वर्षी मी तुला सांगितलं होतं का न्हाई?" आबिदानं विचारलं. "सुईत दोरा जाईना झालाय, रेघा वाकड्या दिसतात म्हणून?"

"सांगितलं होतंस, भाभी."

"तू काय म्हणालीस?"

हर्षदाला शब्द न् शब्द आठवत होता. फोटो स्वच्छ आहे भाभी, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढव.

"मी तुझ्यासमोर बसून सांगत होते," आबिदा म्हणाली. "आणि तू त्या स्क्रीनकडं बघत होतीस. माझ्याकडं बघितलंसच न्हाई."

घरी येताना तिला सारखं एकच वाटत राहिलं, की दादाला विचारायला हवं. कारण त्या फोटोंबद्दल तिला जे काही कळत होतं ते सगळं दादानं शिकवलेलं होतं.

रणजितदादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा हर्षदा अकरा वर्षांची होती. दादानं शिकवण्या घेऊन स्वतःचं इंजिनिअरिंग पुरं केलं आणि तिला नेत्रतंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला घातलं. फोटोची फाइल म्हणजे काय, हे त्यानं तिला घरातल्या जुन्या संगणकावर दाखवलं होतं. आईचा एक फोटो उघडून तो मोठा करत गेला, करत गेला, आणि आईच्या गालावर बारीक चौकोन दिसायला लागले.

"हे बघ," तो म्हणाला होता, "प्रत्येक चौकोनात आठ गुणिले आठ, चौसष्ट ठिपके. हे ठिपके एकेक करून लिहून ठेवायला फार जागा लागते. म्हणून फाइल वेगळंच करते. तिच्याकडे चौसष्ट ठरावीक नक्ष्या आहेत. पहिली अगदी सपाट, मग रुंद पट्ट्यांची, मग अरुंद, शेवटची एकदम बारीक चौकड्यांची. कुठलाही चौकोन घे, या नक्ष्या कमीजास्त प्रमाणात एकावर एक ठेवल्या की तो तयार होतो. मग ठिपके कशाला ठेवायचे? कुठली नक्षी किती, एवढेच आकडे ठेवायचे. आणि बारीक नक्ष्यांचे आकडे बहुतेक शून्याच्या जवळ असतात. ते सरळ शून्य करून टाकायचे. रंगाचंही तसंच. उजेडातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंग जरा ढोबळ ठेवायचे. फाइल दहाव्या हिश्शाची होते आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."

"आणि आणखी दाबली तर?"

"मग चौकोन दिसायला लागतात. चित्र फाटल्यासारखं होतं."

त्या फाइलीनं जगाचे फोटो चाळीस वर्षं सांभाळले. मग 'मित' आली. पुण्याच्या ज्या कंपनीनं ती काढली, तिच्या मुख्य इंजिनिअरांपैकी एक रणजित होता. मितमध्ये नक्ष्यांचं प्रमाण साठवलं जात नसे. लाखो फोटो वाचून तयार केलेला चाळीस लाख तुकड्यांचा एक कोश पाठवणाऱ्याकडेही असे आणि घेणाऱ्याकडेही. फोटोतल्या प्रत्येक भागाला कोशातला सगळ्यात जवळचा तुकडा शोधायचा आणि फक्त त्याचा क्रमांक पाठवायचा. पलीकडे यंत्र क्रमांक वाचून चित्र नव्यानं रचायचं. वीस एमबीचा फोटो सहा केबीत मावू लागला. घोटणवाडीसारख्या ठिकाणी, जिथं डोंगरावरच्या एका रेडिओ मनोऱ्यावर सगळ्या खोऱ्याचा संपर्क चालायचा, तिथूनही डोळ्याचा फोटो मिनिटभरात शहरात पोहोचू लागला. वर्षभरात मोबाइल कंपन्यांनीही मित घेतली. लग्नाचे, बारशाचे, सातबाराचे, सगळेच फोटो मित झाले.

आणि मितचा फोटो कधीच फाटलेला दिसत नसे. कितीही दाबला तरी तो स्वच्छच.

हर्षदानं दादाला लगेच फोन केला नाही. आधी तिनं केंद्राचं दार लावून घेतलं आणि जुने फोटो काढून बसली. आबिदाचा जुलैचा फोटो तिनं स्क्रीनच्या डावीकडे ठेवला आणि उजवीकडे एकेक करून इतरांचे. कुठल्याही दोन माणसांच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात, जुळ्या भावांच्याही नसतात. हे ती पहिल्या वर्षाला शिकली होती.

आबिदाच्या उजव्या डोळ्यात, मध्यबिंदूच्या जरा खाली, गळाच्या आकड्यासारखी वळलेली एक बारीक वाहिनी होती. चौतिसाव्या फोटोत, सखाराम गुरवाच्या डोळ्यात, तोच आकडा होता. तेच वळण, तीच जाडी, टोकाशी तोच फाटा. हर्षदानं एक फोटो दुसऱ्यावर ठेवला. केसाचाही फरक नव्हता. दुपारपर्यंत तोच आकडा तिला अकरा माणसांच्या डोळ्यात सापडला.

दुसऱ्या दिवशी ती बारदेस्करांकडे गेली.

"डॉक्टर, तुमचा जुना कॅमेरा चालू आहे? जुन्या पद्धतीची फाइल करणारा?"

"धूळ झटकली तर चालेल. का?"

"मला चाळीस माणसांचे डोळे दोनदा बघायचेत."

पुढच्या आठवड्यात तिनं चाळीस जणांचे फोटो एकाच दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले. डॉक्टरांच्या कॅमेऱ्याचे फोटो मळकट होते. कडांना चौकोन दिसत होते, रंग विटलेले होते. पण सात जणांच्या फोटोत त्या मळकटपणातही लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. त्याच सात जणांचे मित फोटो आरशासारखे लखलखीत होते. ठिपका इतका लहान, की कोश तो धूळ समजून सोडून देई आणि त्या जागी निरोगी डोळ्याचा जवळात जवळचा तुकडा आणून बसवी. कोश शिकला होता तो बहुतेक निरोगी डोळ्यांवरच.

मूळ फोटो कुठेच नव्हते. कॅमेरा फोटो काढता काढताच मित करून टाकी. साडेतीन वर्षं हर्षदा जे स्क्रीनवर बघत आली होती ते पेशंटच्या डोळ्यातलं नव्हतंच.

दादाला हे माहीत नसणार, असं तिला वाटलं. माहीत झालं तर त्याला केवढा धक्का बसेल, याचीच तिला काळजी लागली. कारण मितला मंजुरी मिळण्याआधी जी चाचणी झाली होती तिच्यावर सही हर्षदाची होती. दादानंच तीनशे डोळ्यांच्या जोड्या पाठवल्या होत्या, मूळ आणि मित, तपासून बघ म्हणून. तिनं तीन आठवडे बसून एकेक जोडी तपासली होती. एकही फरक सापडला नव्हता. अहवालावर तिचं नाव छापून आलं तेव्हा तिनं तो आईला वाचून दाखवला होता.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती आणि हर्षदा पुन्हा तपासायच्या लोकांची यादी करत होती. नावं लिहिता लिहिता ती थांबली.

"आई, तुझंही नाव घालते गं. तुलाही साखर आहे. डॉक्टर बारदेस्करांकडे जाऊन येऊ."

"माझं कशाला?" आई म्हणाली. "मी दरवर्षी संक्रांतीनंतर रणजितकडे गेले की डोळे दाखवतेच की. तो नेतो ना त्या मोठ्या डॉक्टरांकडे. बाटलीभर थेंब घालतात, भिंगातून बघतात. गेल्याच वर्षी लेसर मारला दोन ठिकाणी."

हर्षदाच्या हातातलं पेन कागदावरच टेकून राहिलं. "लेसर? तू मला बोलली नाहीस."

"तोच म्हणाला सांगू नकोस. म्हणे, हर्षदाला वाटेल माझ्या फोटोवर यांचा विश्वास नाही. उगाच तिचं मन कशाला दुखवा."

"कधीपासून नेतो तो तुला?"

"तुझा कॅमेरा आला त्या वर्षापासून."

आईच्या डोळ्याचे मित फोटो हर्षदानं सात वेळा काढले होते. सातही वेळा स्वच्छ.

"फाइल दाखव," ती म्हणाली.

आईनं कपाटातून प्लास्टिकची फाइल आणून दिली. निकालांच्या खाली पुण्याच्या डॉक्टरांना दिलेली एक चिठ्ठी होती, दादाच्या किरट्या अक्षरात. 'माझ्या आईची तपासणी कृपया प्रत्यक्ष भिंगानेच करावी. मित प्रतिमेवर विसंबू नये. बारीक रक्तस्राव तीत दिसतीलच याची खात्री नाही.' खाली तारीख होती, अठरा जानेवारी २०३८. कॅमेरा घोटणवाडीत यायच्या दोन महिने आधीची.

हर्षदानं चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घेतला. आईनं फाइल परत मागितली आणि कपाटात ठेवली. मुलीचा चेहरा बघून काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं होतं. तिनं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

रविवारी दादा आला. हर्षदानं फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, की मी चाळीस जणांचे फोटो जुन्या कॅमेऱ्यानं काढलेत. त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. उद्या निघतो, म्हणाला होता.

केंद्रात बसून त्यानं चौदाही फोटो पाहिले. सात मळकट, सात स्वच्छ.

"दोनशेत एक, असा आमचा अंदाज होता," तो म्हणाला. "तुझ्याकडे जास्त निघाले."

"अंदाज होता म्हणजे?"

"हर्षू, ऐकून घे. आमची पहिली फाइल चाळीस केबीची होती. तीत ठिपके दिसत होते. पण डोंगरातल्या मनोऱ्यावरून ती जाईना. अट आली, सहा केबीत बसवा, नाहीतर योजनाच बंद. मी लेखी टिपण दिलं होतं वरती. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि तू गप्प बसलास."

"योजना बंद झाली असती तर या लोकांना काय मिळालं असतं? काहीच नाही. दोनशेतला एक सुटतो, पण मितनं किती जणांचे मोठे दोष पकडले ते बघ ना! माणसं वाचलीच की."

"त्या तीनशे जोड्या कुणी निवडल्या होत्या, दादा?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोर आबिदाच्या दुकानाचं शटर खाली होतं.

"मी," तो म्हणाला.

"ज्यांत फरक नव्हता तेवढ्याच."

"तुझी सही असली की खालच्या लोकांचा विश्वास बसेल, असं वाटलं. तू त्यांच्यातली आहेस."

हर्षदानं इतकी वर्षं त्याच्यापुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "आईला मात्र तू भिंगवाल्याकडे नेलंस," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम उतरला. हे तिला माहीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आई आहे ती आपली," तो म्हणाला.

"आणि आबिदाभाभी? लहानपणी तुझ्या शाळेच्या चड्ड्या कोण शिवायचं? तिनं कधी शिलाई घेतली नाही आपल्याकडून."

"मार्चमध्ये नवी आवृत्ती येते. कोश बदलतोय मी. कुणाला कळायच्या आत सगळं दुरुस्त होईल. तीन महिने थांब फक्त. आत्ता बोललीस तर अकरा तालुक्यांतली केंद्रं बंद पडतील. नोकरी पहिली तुझी जाईल. सही तुझी आहे, हर्षू."

तो हे काळजीनंच बोलत होता. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. सही मागताना त्याला हे सगळं ठाऊक होतं, हे तिच्या आता लक्षात आलं.

"तीन महिन्यांत कुणाकुणाच्या डोळ्यात रक्त उतरेल?" तिनं विचारलं. "नावं सांगतोस? मी जाऊन भेटून येते."

दादा चहा न घेता गेला.

हर्षदानं दुसऱ्या दिवशी तक्रार लिहिली. पहिल्याच ओळीत लिहिलं, की चाचणीच्या अहवालावर माझी सही आहे. मग तिनं स्कूटर काढली आणि चौदा वाड्या पालथ्या घातल्या. घरोघरी जाऊन सांगितलं, मी दिलेला निकाल चुकीचा असू शकतो, गडहिंग्लजला जाऊन डोळे तपासून घ्या. काहींनी पाणी दिलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं. सखाराम गुरव म्हणाला, "ताई, आमी फोटोवर न्हाई, तुमच्यावर भरवसा ठेवला हुता." बारदेस्करांचा पत्ता लिहिलेला कागद तिनं त्याच्या हातात दिला.

डॉक्टरांनी तीन आठवडे रोज सकाळी फक्त याच लोकांना तपासलं. त्रेसष्ट डोळ्यांत दुखणं निघालं. बहुतेक वेळेवर.

चौकशी समिती जानेवारीत कोल्हापुरात बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला तीन सदस्य, समोर एकीकडे हर्षदा आणि डॉक्टर बारदेस्कर, दुसरीकडे कंपनीचे वकील आणि रणजित. रणजितनं नवा कोट घातला होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

"दोष आहे, हे आम्ही नाकारत नाही," तो समितीला म्हणाला. "पण तो आम्हाला आत्ता कळला. प्रत्यक्ष चाचणी हर्षदा चौगुले मॅडमनी केली होती. त्यांनी एकही फरक नोंदवला नाही. आम्ही त्यांच्या अहवालावर विसंबलो."

"चौगुले?" अध्यक्षांनी कागदावरून नजर वर केली. "आपल्या नात्यातल्या?"

"सख्खी बहीण. पण कामात आम्ही कधी नातं आणलं नाही."

हर्षदानं मोबाइल काढला आणि चिठ्ठीचा फोटो पुढे केला. "यांना आधीपासून माहीत होतं. हे यांचं अक्षर. तारीख बघा."

अध्यक्षांनी फोटो पाहिला आणि रणजितकडे सरकवला. त्यानं तो वाचला. वाचायला त्याला बराच वेळ लागला.

"ही मित प्रतिमा आहे," तो शांतपणे म्हणाला. "आता सगळेच मोबाइल मित वापरतात. मित बारीक खुणा बदलते, हेच तर मॅडमचं म्हणणं आहे. मग या फोटोतल्या अक्षरांवर आणि आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? अठराच्या जागी काय होतं, अडतीसच्या जागी काय होतं, कोण सांगणार?"

वकिलांनी मान हलवली. अध्यक्ष हर्षदाला म्हणाले, "मूळ कागद आणा. आठ दिवस देतो."

मूळ कागद आईच्या कपाटात होता. हर्षदानं त्याच संध्याकाळी किल्ली मागितली.

"नाही," आई म्हणाली. "तो चुकला असेल. पण माझ्या काळजीपोटी लिहिलेल्या कागदानं त्याचं नुकसान मी होऊ देणार नाही. त्यानं तुला शिकवलं, हर्षदा. विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणून तर सही केली मी, जोड्या कुठून आल्या ते न विचारता."

त्यानंतर दोघी सहा दिवस एका घरात राहून बोलल्या नाहीत. आई ताट वाढायची आणि आत निघून जायची. हर्षदानं कपाटाला हात लावला नाही. कुलूप तोडणं अवघड नव्हतं, पण तसं केलं असतं तर तिला आईसमोर पुन्हा उभं राहता आलं नसतं.

सातव्या दिवशी सकाळी आबिदा आली. रस्ता ओलांडताना तिनं एक हात पुढे धरला होता. दुसऱ्या हातात पिशवी होती.

"मावशी, तुमचं ब्लाउजपीस," ती दारातूनच म्हणाली. "ऑक्टोबरात टाकलं होतं तुम्ही. कापून ठेवलं होतं मी. दोन वेळा शिवायला घेतलं. एका डोळ्यानं सुई कुठं हाय आणि कापड कुठं, अंतरच कळत न्हाई. बोट शिवून घेतलं. आता आजऱ्यात दुसऱ्या कुणाकडनं तरी शिवून घ्या. मापं चिठ्ठीवर लिहून ठेवलीत."

आईनं पिशवी घेतली. आबिदाला आत बोलावून बसवलं, चहा दिला. दोघी पोरांबाळांचं बोलल्या. रणजितचं नाव कुणीच काढलं नाही. आबिदा गेल्यावर आई बराच वेळ ते कापलेलं कापड मांडीवर घेऊन बसली होती.

दुपारी हर्षदा केंद्रातून परत आली तेव्हा चिठ्ठी तिच्या ताटाशेजारी, वाटीखाली ठेवलेली होती.

"ने," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि मला काही विचारू नकोस."

समितीनं कागद पाहिला, शाई पाहिली, पुण्याच्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. निकाल महिन्याभरानं आला. सहा केबीची मित आरोग्याच्या कामातून बंद झाली. रणजित आणि त्याचे दोन वरिष्ठ यांच्यावर खटला भरायची शिफारस झाली. हर्षदानं तीनशे जोड्या कुठून आल्या हे न विचारता सही केली, असा ठपका तिच्यावरही आला आणि तिची नेमणूक रद्द झाली. दादानं सांगितलं होतं तसंच, केंद्रं बंद पडली. पाच महिन्यांनी ती पुन्हा उघडली तेव्हा मोठी फाइल न्यायला आठवड्यातून दोनदा गाडी येऊ लागली. ते आधीही करता आलं असतं. हर्षदा तोवर बारदेस्करांच्या हाताखाली लागली होती.

पण कागद समितीपुढे ठेवला त्या दिवशी, बाहेरच्या जिन्यात रणजित तिच्यासाठी थांबला होता. कोट त्यानं हातावर घेतला होता. दोन महिन्यांत तो बराच वाळला होता.

"आईनं दिला?" त्यानं विचारलं.

"हो."

तो भिंतीला टेकला. "मी आईला वाचवलं, एवढं तरी मान, हर्षू. मी काही राक्षस नाही."

"मानते ना," ती म्हणाली. "पण मला एक सांग. आईला सांगितलंस, डॉक्टरांना लिहून दिलंस, मग मला का नाही सांगितलंस? एक फोन करायचा होतास. आईला जसं वाचवलंस, तसं मी सगळ्यांना वाचवलं असतं."

रणजितनं कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला.

"तुला ते माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलंस."

खालून वकिलांनी हाक मारली तसा तो पायऱ्या उतरून गेला. हर्षदा कठड्याला धरून उभी राहिली. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर ती खाली आली.

साक्षीसाठी आलेली आबिदा फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. दोघी आजऱ्याच्या बसमध्ये चढल्या. हर्षदानं तिला डाव्या बाजूला खिडकी दिली, चांगल्या डोळ्याची. बस शहराबाहेर पडली.

"भाऊ भेटला का?" आबिदानं विचारलं.

"भेटला."

"काय म्हणाला?"

हर्षदानं सांगायला सुरुवात केली. जिन्यातलं सांगितलं, तीनशे जोड्यांचं सांगितलं, आईच्या लेसरचं सांगितलं, आणि भाभी तक्रार करत होती त्या दिवशी आपण तिच्याकडे का बघितलं नाही, तेही सांगितलं. आबिदानं मधे एकदाही तिला थांबवलं नाही. घोटणवाडीचा फाटा आला तरी हर्षदाचं सांगून संपलं नव्हतं.